स्टेशन चौकात स्टेशन नाही : सांगली–मिरज शटलचं प्रकरण

सांगलीच्या स्टेशन चौकात परगावचा माणूस बसमधून उतरतो, खांद्यावरची बॅग सावरतो, चारी बाजूंना बघतो आणि जवळच्या रिक्षावाल्याला विचारतो, "स्टेशन कुठल्या बाजूला?" रिक्षावाल्याचं उत्तर पाठ असतं. "पाव्हणं, हितं नुसतं नाव ऱ्हायलंय. गाडी मिळत्या ती पार तिकडं, चिंतामणीनगरच्या अंगाला. बसा, सोडतो."

नाव इथे राहिलं आणि स्टेशन दोन-तीन किलोमीटर सरकलं, ते कसं, आणि जी गाडी गेली ती परत आणता येईल का, हे प्रकरण मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या वर्गात बऱ्याच वेळा घेतलंय. पहिल्या तासाला मुलांना एकच काम देतो : सांगली–मिरज शहरी रेल्वे पुन्हा सुरू करायची आहे, आराखडा काढा. निम्मी मुलं दर वर्षी खांबांवरून धावणारी वातानुकूलित मेट्रो काढतात. एकाने तर कृष्णेच्या घाटाला लागून स्टेशन दिलं होतं. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट. त्याचा फलाट किती पाण्याखाली गेला असता, ते मी त्यालाच काढायला लावलं. मेट्रो तिथेच वाहून गेली आणि आम्ही कामाला लागलो.

वाटणी आणि जोडणी

सांगली आणि मिरज ही मुळात एकाच पटवर्धन घराण्याची गावं. १८०१ मध्ये चिंतामणराव अप्पासाहेबांचं चुलते गंगाधररावांशी बिनसलं, अप्पासाहेब मिरजेतून बाहेर पडले आणि सांगली हे वेगळं संस्थान झालं. भाऊबंदकीच्या गोष्टी इकडे चवीने सांगतात, म्हणून हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढे त्याच दोन गावांना रुळांनी पुन्हा बांधलं, ते फारसं कुणी सांगत नाही.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळात धान्य वेळेवर पोहोचवता आलं नाही, तेव्हा दख्खनच्या दक्षिण भागात रेल्वे हवी हे सरकारला पटलं. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली. पुण्याहून मिरज आणि तिथून बेळगावकडे जाणारं मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली लाइन, तिने त्याच दशकात टाकली. ही लाइन बुधगाव-माधवनगरच्या बाजूने थेट मिरजेत शिरली. नदीच्या वळणात बसलेली सांगली बाजूला राहिली. मिरजेचं भाग्य उघडत गेलं ते इथून. १८९१ मध्ये कोल्हापूर संस्थानाची रेल्वे मिरजेला येऊन मिळाली आणि मिरज जंक्शन झालं. संस्थानाची राजधानी, हळदीची पेठ, गणपतीचं देऊळ, सगळं सांगलीत. गाडी मात्र पाच मैलांवर, तीही दुसऱ्या संस्थानाच्या हद्दीत. दरबाराला हे किती बोचत असेल, याची कल्पना सांगलीकराला लगेच येते.

सांगलीला १९०७ उजाडावं लागलं. त्या वर्षी 'सांगली स्टेट रेल्वे' सुरू झाली. मिरज ते सांगली, सुमारे पाच मैल, मीटरगेज. मालकी संस्थानाची, गाड्या चालवायच्या कंपनीने. पुढच्याच वर्षी ही कंपनी मद्रास रेल्वेशी एकत्र होऊन 'मद्रास अँड सदर्न मराठा' झाली, पण सांगलीच्या माणसाला त्याचं काय? त्याची गाडी बाजारपेठेच्या तोंडाशी येऊन थांबत होती. या प्रकरणाचा गाभा मला याच वाक्यात दिसतो, म्हणून वर्गात ते फळ्यावर लिहून ठेवतो : गाडी बाजाराच्या तोंडाशी येत होती.

तिचं काम दुहेरी होतं. एक मालाचं. हळद, गूळ, शेंग सांगलीत भरायची आणि मिरजेत मुख्य लाइनला लावायची. मुंबईकडे जाणारं पोतं पुण्यापर्यंत मीटरगेजने जायचं आणि तिथे गेज बदलत असल्यामुळे हमालाच्या पाठीवरून ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढायचं. मीटरगेजची रुंदी १,००० मिलिमीटर, ब्रॉडगेजची १,६७६. या ६७६ मिलिमीटरच्या फरकावर पुण्यातल्या कितीतरी हमालांचं पोट चाललं आणि आमच्याकडचे व्यापारी तितकीच वर्षं कुरकुरत राहिले. दुसरं काम माणसांचं. १९१९ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीने विश्रामबागेत विलिंग्डन कॉलेज काढलं, ते सांगली आणि मिरज यांच्या बरोबर मधे. १९४७ मध्ये तिथेच इंजिनिअरिंगचं कॉलेज निघालं. मधल्या माळावर विद्यार्थ्यांची वस्ती झाली.

माझे थोरले मामा साठच्या दशकात विलिंग्डनला होते. ते शटलची, म्हणजे याच सांगली–मिरज गाडीची, गोष्ट सांगतात तेव्हा गाडीचा वेग सांगत नाहीत, तिची वेळ सांगतात. "अरे, घड्याळ कुणाकडं होतं? शिट्टी ऐकली की आई भाकरी तव्यावरनं काढायची. दुसऱ्या शिट्टीला डबा हातात, आणि गाडी हलायला लागली की आम्ही पळायला लागायचो. गार्ड ओळखीचा. तो झेंडा जरा उशिरा दाखवायचा." गार्डच्या झेंड्याचं मी खरं धरत नाही, मामांना गोष्ट रंगवायची सवय आहे. पण गाडीच्या वेळेवर घर चालायचं, हे वाक्य वाहतुकीच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवतं.

गाडी गेली कशी

मुलं पहिल्यांदा हेच विचारतात : प्रवासी कमी झाले म्हणून बंद पडली का? कारण तसं नव्हतं. ती रुंदीत सापडली.

पुणे–मिरज–कोल्हापूर मार्गाचं रूपांतर होऊन १९७१ मध्ये ब्रॉडगेज गाड्या धावू लागल्या. मुंबई–कोल्हापूर महालक्ष्मी एक्सप्रेस त्याच वर्षीची. नव्या लाइनची आखणी करताना सांगली मुख्य मार्गावर घेतली गेली. सांगलीला पुण्या-मुंबईची थेट गाडी मिळाली, पोतं उतरवायचं दुखणं संपलं, सगळीकडे पेढे वाटावेत अशी गोष्ट झाली आणि पेढे वाटलेही गेले असणार. मुख्य गाडीच सांगलीला येते म्हटल्यावर मिरजेहून सांगलीला येणाऱ्या मीटरगेज फाट्याचं प्रयोजन कागदावर उरलं नाही. गावातलं जुनं स्टेशन गेलं, चौकाला नाव तेवढं राहिलं.

माझ्या मते चूक इथे झाली, आणि ती कुणा एकाची नव्हती. जुनी लाइन गावाच्या सोयीने टाकलेली होती, नवी गाडीच्या सोयीने. लांब पल्ल्याच्या गाडीला शहराच्या कडेचं, सरळ, वळणं कमी असलेलं स्टेशन हवं असतं. ते रास्तच आहे. पण शटलचं काम वेगळं होतं, आणि ते मुख्य गाडी आपोआप करील असं सगळ्यांनी धरून चाललं. दिवसातून दोन-चार वेळा थांबणारी एक्सप्रेस कॉलेजच्या पोराला काय कामाची? त्याला बाराही तास दर अर्ध्या तासाला गाडी हवी.

ही जागा रिकामी राहिली नाही. एसटीच्या शहरी बस आल्या, मग सहा आसनी रिक्षा, मग वडाप, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खाजगी गाड्या. ज्यांना वडाप म्हणजे काय ते माहीत नाही त्यांनी एकदा सकाळी साडेनऊला सांगलीतून मिरजेला जावं. गाडी भरल्याशिवाय हलत नाही, भरल्यावरही आणखी दोघं बसतात, आणि तरीही ती दारापासून दारापर्यंत नेते. वडापच्या या गुणाला पुढे पुन्हा यायचं आहे.

शेजारचं उदाहरण

मिरजेतच याच्या उलट घडलेलं एक प्रकरण आहे, म्हणून ते मुद्दाम शेजारी ठेवतो. बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने काढलेली ७६२ मिलिमीटरची छोटी गाडी. १८९७ मध्ये बार्शीपर्यंत, १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. पंढरीच्या वारकऱ्यांना घेऊन ही गाडी इतकी सावकाश जायची की चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येतं, असे विनोद पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. सत्तरनंतर बरीच वर्षं मिरज जंक्शनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज या तिन्ही रुंदीचे रूळ होते. रेल्वेचे शौकीन दुरून ते बघायला यायचे.

ही छोटी लाइन मोडीत निघाली नाही. टप्प्याटप्प्याने तिचं ब्रॉडगेज झालं, ढोबळमानाने जुन्याच दिशेने. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर तहानेने कासावीस झालं तेव्हा मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन जलदूत गाडी निघाली. सुरुवातीला १० वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. मग ५० वाघिणी, २५ लाख लिटर. ती गेली पंढरपूर, कुर्डुवाडी करत, म्हणजे वारकऱ्यांच्या त्या गोगलगाडीच्याच वाटेने. १९२७ मध्ये मिरजेपर्यंत रूळ टाकणाऱ्यांना पाण्याच्या गाडीचं स्वप्नही पडलं नसेल. वाट शिल्लक राहिली, म्हणून ९० वर्षांनी नवं काम तिच्याकडे आलं. सांगलीच्या फाट्याची वाटच गेली. जुन्या मार्गावर आज दुकानं, घरं, रस्ते आहेत. तो उकरून पुन्हा रूळ टाकायचे म्हणजे प्रत्येक चौकात फाटक आणि प्रत्येक फाटकाला कोर्टकचेरी. हा पर्याय मी वर्गात दहा मिनिटांत निकालात काढतो. जुन्या लाइनबद्दल कितीही माया असली तरी.

मग उरतं काय

उरते ती चालू मुख्य लाइन. सांगली, विश्रामबाग, मिरज ही स्टेशनं तिच्यावर आहेतच. सांगली ते मिरज जेमतेम सात-आठ किलोमीटर. आणि या ५० वर्षांत एक गंमत झाली आहे : गाव स्वतःच रुळांकडे सरकलं. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली. जिल्हाधिकारी कार्यालय आणि न्यायालय विजयनगरला गेलं. विश्रामबागेत बंगले होते तिथे इमारती झाल्या, क्लासेस झाले, दवाखाने झाले. १९०७ मध्ये विश्रामबाग म्हणजे दोन गावांमधला माळ होता. आज सांगलीचा मध्य कुठे विचारलात तर निम्मे लोक मारुती चौक न सांगता विश्रामबाग सांगतील. म्हणजे नवी शटल निघालीच तर तिचं मुख्य स्टेशन सांगली नसेल, विश्रामबाग असेल. आराखडे काढणारी मुलं हे हमखास विसरतात, कारण त्यांच्या डोक्यात मामांची शटल असते, स्टेशन चौकात संपणारी.

दुसरी अनुकूल गोष्ट दुहेरीकरणाची. पुणे–मिरज हा सुमारे २८० किलोमीटरचा मार्ग दुहेरी आणि विजेवर करण्याचं काम २०१६ नंतर हातात घेतलं गेलं. एकेरी मार्गावर काय होतं ते या लाइनवरच्या प्रत्येक प्रवाशाला माहीत आहे. कुठल्यातरी आडस्टेशनावर गाडी उभी, पंखा बंद, आणि कुणीतरी जाणकार म्हणतो, "क्रॉसिंग आहे." एकेरी लाइनवर दर अर्ध्या तासाची शटल घुसवली असती तर महालक्ष्मीसकट सगळ्यांचं क्रॉसिंग झालं असतं. जाणारी आणि येणारी लाइन वेगळी झाली की हा अडसर बराच हलका होतो. याच कामासाठी चिंतामणीनगरचा जुना उड्डाणपूल पाडून नवा बांधावा लागला आणि माधवनगर रस्त्याच्या लोकांनी वळसे घालून घालून रेल्वेला जी विशेषणं दिली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. त्या लोकांना या दुसऱ्या रुळाचा काहीतरी रोजचा उपयोग व्हावा, एवढं तरी व्हायला हवं.

आता हिशेब. मेमू, म्हणजे विजेवर चालणाऱ्या जवळच्या पल्ल्याच्या गाडीला दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते, इंजिन काढून फिरवून लावायची भानगड नाही. सांगलीहून मिरज, मधे विश्रामबागला एक थांबा, साधारण १२ ते १४ मिनिटं. दोन्ही टोकांना सहा-सात मिनिटं धरली तर एक गाडी ४० मिनिटांत फेरी पुरी करते. एका गाडीवर दर ४० मिनिटांना एक फेरी, दोन गाड्यांवर दर २० मिनिटांना.

इथे मुलं खूश होतात आणि इथेच मी त्यांना वडापची आठवण देतो. सात किलोमीटरच्या प्रवासात गाडीचा वेग कुणी विचारत नाही. घरातून स्टेशनला जायला दहा मिनिटं, गाडीची वाट बघायला सरासरी २०, गाडीत १२, मिरजेत उतरून पुन्हा रिक्षा. झाला की पाऊण तास. तेवढ्यात वडाप मिरजेत जाऊन चहा पिऊन परत निघालेली असते. दर ४० मिनिटांची शटल उद्घाटनाच्या दिवशी भरेल, फोटोसाठी. आठ दिवसांनी तिच्यात दोन कॉलेजकुमार आणि एक डुलक्या घेणारे आजोबा उरतील. मग कुणीतरी अहवाल लिहील की प्रतिसाद नाही, आणि पुढची ५० वर्षं तो अहवाल प्रत्येक मागणीच्या तोंडावर मारला जाईल. हा धोका मला सगळ्यात मोठा वाटतो. अर्धवट चालू करण्यापेक्षा न केलेलं बरं.

तर मग दिवसभर गाडी चालवायचा हट्ट सोडावा. कुणाला ठरल्या वेळी जावंच लागतं, ते शोधावं. यात आमच्या गावाची एक खास गोष्ट कामाला येते. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चं, आणि त्याची रुग्णालयं मिरजेत एक, सांगलीत एक. शिकणारी मुलं, नर्स, कर्मचारी, आणि "ही तपासणी मिरजेला होईल" म्हणून चिठ्ठी हातात दिलेले पेशंट, यांची रोज ये-जा. वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांच्या हॉस्पिटलपासून मिरज दवाखान्यांचं गाव आहेच. सीमेपलीकडून कर्नाटकातले लोकही तिथे येतात. त्यात विश्रामबागेची कॉलेजं, विजयनगरच्या कचेऱ्या. हे सगळे सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेचार ते सात या वेळात हलतात. त्या वेळात दोन गाड्या, २० मिनिटांच्या अंतराने; दुपारी काहीच नाही. दुपारी त्याच गाड्या किर्लोस्करवाडी किंवा जयसिंगपूरच्या बाजूला पाठवता येतील.

विरुद्ध बाजूचं म्हणणंही हलकं नाही. मिरज जंक्शनात पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि कुर्डुवाडी अशा चार दिशांच्या गाड्या येतात. मध्य रेल्वेचे पुणे आणि सोलापूर विभाग आणि दक्षिण-पश्चिम रेल्वेचा हुबळी विभाग तिथे एकमेकांना भेटतात. सकाळच्या वेळी फलाट मोकळा मिळणं म्हणजे लग्नसराईत कार्यालय मिळण्यासारखं. एक दिलासा असा की सांगली ते मिरज हा तुकडा पूर्णपणे पुणे विभागात येतो, म्हणजे निदान एकाच दारात अर्ज घेऊन जाता येतं. शटलसाठी मिरजेत एखादा आखूड, वेगळा फलाट काढता आला तर निम्मं भांडण मिटेल. चार डब्यांच्या गाडीला लांबलचक फलाट लागत नाही.

पैशाचं काय? १९०७ मध्ये दरबाराने खर्च केला आणि कंपनीला चालवायला दिली. आज रेल्वे केंद्राचा विषय. महापालिका ठराव करू शकते, आणि ठराव करण्यात आमची महापालिका कुणाला हार जात नाही. मुंबईत उपनगरी रेल्वेच्या प्रकल्पांसाठी राज्य आणि रेल्वे यांनी खर्च निम्मा-निम्मा वाटून घेतला आणि त्यासाठी १९९९ मध्ये वेगळं महामंडळ काढलं. सांगलीसाठी महामंडळ काढा असं म्हणणं हास्यास्पद होईल. पण तत्त्व तेच : ज्या गावाची सोय त्याने तोट्यातला काही वाटा उचलायचा. संस्थानाने शंभरेक वर्षांपूर्वी नेमकं हेच केलं होतं. रूळ आता आहेत, वीज आहे. खर्च येणार तो दोन गाड्यांचा, मिरजेतल्या आखूड फलाटाचा आणि विश्रामबाग स्टेशनाकडे जाणाऱ्या वाटेचा.

या शेवटच्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त जीव आहे, आणि आराखड्यांत तिला सगळ्यात कमी जागा मिळते. स्टेशनापासून मुख्य रस्त्याला येणारी वाट रुंद, उजेडाची आणि पावसात पाय न भरणारी असली, रस्त्यावर येताच शहरी बस आणि वडाप उभी असली, तर माणूस गाडीने येईल. वडापवाल्यांना शत्रू समजू नये. त्यांना स्टेशन ते विजयनगर, स्टेशन ते कुपवाड एमआयडीसी अशा आखूड फेऱ्या दिल्या तर त्यांचंही डिझेल वाचतं आणि स्टेशनातून बाहेर पडलेल्या माणसाला पुढे जायची सोय होते.

यंदा मुलांना आराखडा काढायला सांगितलेलाच नाही. विश्रामबागच्या फलाटावरून निघायचं, मुख्य रस्त्यावरच्या बसथांब्यापर्यंत चालत जायचं आणि वेळ लिहून आणायची. एकदा एकट्याने, एकदा ऐंशीतल्या माणसाला बरोबर घेऊन. वाटेत किती ठिकाणी थांबावं लागलं, तेही लिहायचं. दुसऱ्या फेरीसाठी थोरल्या मामांनी आपलं नाव दिलंय. अट एकच घातली आहे, डबा त्यांच्या हातात द्यायचा नाही.